रॉकेलवर बंद झालेलं इंजिन

पौषातली सकाळ होती. हरमलला धुकं इतकं खाली उतरलं होतं की पाववाल्या पोदेराची सायकल दिसत नव्हती, नुसता त्याचा भोंगा पों पों करत वाड्यावाड्यांतून फिरत होता. शिवदासने दोन पाव घेतले, एक चहात बुडवून खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि स्कूटरला लाथ मारली. केरीला जायचं होतं. होडीचं इंजिन सकाळी लागत नाही, येऊन बघ, असा निरोप आला होता. मेकॅनिकच्या आयुष्यात असले निरोप रोजचेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं एवढंच की निरोप कमलाक्षीने धाडला होता. ज्या बाईने दोन वर्षांत शिवदासकडे मान वर करून बघितलं नव्हतं, तिने.

ज्यांना मशिनांतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. गोवा सुटून पंचवीसेक वर्षं झाली होती आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर वल्ही जाऊन मशिना येत होत्या. ह्या मशिना चालत रॉकेलवर, पण रॉकेलवर सुरू होत नसत. गार इंजिनात रॉकेल पेटत नाही. म्हणून सुरू करताना छोट्या टाकीतलं पेट्रोल द्यायचं, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. आणि परत येऊन बंद करण्याआधी पुन्हा कॉक फिरवून थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं, म्हणजे कार्बुरेटरच्या वाटीत रात्रभर पेट्रोल राहतं आणि सकाळी इंजिन लागतं. हे विसरलात आणि रॉकेलवरच बंद केलंत, तर सकाळी खांदा निखळेस्तोवर दोरी ओढा, इंजिन नुसतं खोकतं. दुपारी ऊन चढलं की कसंबसं लागतं. एवढंच आहे ते, ह्यात विद्या काही नाही.

केरीचे लोक आणखी एक करत. तिथे काठाला पाणी उथळ, इंजिनाचा पंखा वाळूला लागतो. म्हणून इंजिन वर उचलून ठेवायचं, बांबूने होडी रेटायची आणि ओहोटीच्या पाण्यावर सोडून द्यायची. खोल पाणी आलं की इंजिन खाली करायचं आणि मग दोरी ओढायची. आता खोल पाणी येतं कुठे, तर खाडीच्या तोंडाशी, तेरेखोलच्या किल्ल्याखाली खडकांवर लाटा फुटतात तिथे. म्हणजे इंजिन लागत नाही हे कळतं तेव्हा मागे फिरायची वेळ गेलेली असते.

यशवंत असाच गेला. कमलाक्षीचा नवरा, शिवदासचा जिवाभावाचा मित्र. आदल्या संध्याकाळी शिवदासनेच केरीच्या काठावर बसून त्याचं इंजिन उघडलं होतं, धुऊन-पुसून परत लावलं होतं, पेट्रोलवर सुरू करून पेट्रोलवर बंद केलं होतं. भाद्रपद होता, समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. सकाळी यशवंत एकटाच निघाला. रोज बरोबर जाणारा त्याचा धाकटा भाऊ गुरुदास तापाने पडला होता म्हणे. फेरीबोटीवरच्या लोकांनी लांबून पाहिलं, होडी आडवी झालेली आणि यशवंत उभा राहून दोरी ओढतोय, ओढतोय. मग होडी दिसली नाही. माणूस सापडला रेडीच्या वाळूत. पुढे उलटलेली होडी इंजिनासकट काठाला लागली, पण इंजिनात वाळू आणि खारं पाणी भरलेलं. दुसऱ्या कुणी मेकॅनिकने ते साफ केलं, तेव्हा आत काय बिघडलं होतं ते कायमचं धुऊन गेलं.

स्मशानात यशवंताच्या मामाने एकच विचारलं, इंजिन शेवटचं कुणाच्या हाताखालून गेलं होतं? सगळ्यांनी शिवदासकडे बघितलं. बस्स, तेवढ्यावर दोन वर्षं गेली. केरी-पालयेतून त्याला कुणी बोलावेना. हरमलचे लोक इंजिन आणत, पण आणताना उगाच हसत. शिवदासला ह्याचं वाईट वाटे हे खरं, पण त्याची खरी तडफड वेगळीच होती. त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. काय चुकलं होतं? जेटमध्ये कचरा राहिला? वाटीचा स्क्रू सैल? आंघोळीला बसला तरी हात आपोआप ते इंजिन जुळवायला लागत.

तेव्हापासून त्याने उस्तादाचा एक जुना कायदा घट्ट धरला होता. दुरुस्त केलेलं इंजिन रात्रभर गार होऊ द्यायचं आणि सकाळी मालकाने हात लावायच्या आत पहिली दोरी मेकॅनिकने स्वतः ओढायची. वेंगुर्ल्याला त्याचा उस्ताद पाळी, तसे सगळेच थोडंफार पाळतात. पण शिवदास हल्ली त्यापायी पहाटे उठून गावंच्या गावं पालथी घाली. पाऊस असो, ताप असो, पहिली दोरी त्याचीच. लोक म्हणत, मेल्याला वेड लागलंय.

केरीला पोचला तेव्हा धुकं पाण्यावरून हलायला लागलं होतं. घर काठालगतच. कमलाक्षी दारात उभी होती. तिने या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. उन्हातान्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या द्यायची आमच्याकडची रीत, तीही झाली नाही. होडी त्याला माहीतच होती. तरी तिने बोट केलं.

"सकाळी लागणा नाय. दुपारी लागता." एवढंच बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "दिवाळीपासून असाच असा."

गुरुदास होडीपाशी विडी ओढत बसला होता. भावाच्या मागे होडी आता तोच चालवी. मासळीत कमलाक्षीचा अर्धा वाटा, त्यावरच तिची चूल. पण सकाळी इंजिन लागेना, बाकीच्या होड्या जाऊन यायच्या तेव्हा ह्याची होडी निघायची, आणि मग जाळ्यात काय यायचं, शेवाळ? इंजिन विकून टाकूया, असा त्याने धोशा लावला होता. ते विकू नये म्हणून तिने शिवदासला बोलावलं होतं. गुरुदासला ते मुळीच आवडलेलं नव्हतं. त्याचं तोंडच सांगत होतं.

शिवदासने गोणपाट काढलं, वरचं झाकण उचललं. त्याच इंजिनाला तो दोन वर्षांनी हात लावत होता. दोरी ओढून बघितली, इंजिन खोकलं. प्लग काढला. काळा, ओलाचिंब. नाकाशी नेला, रॉकेल. वाटीखालचा स्क्रू सोडून आतलं तळहातावर घेतलं. तेही रॉकेल, थेंबभर पेट्रोल नाही.

"बंद करताना पेट्रोलवर घेतलंस?"

"घेतलंय. रोज घेतंय."

"मग ह्या रॉकेल खंयसून इला?"

गुरुदास उसळला. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायला आलास काय, असं त्याने तोंडावर विचारलं. शिवदासच्या डोक्यात चक्र सुरू झालं. कार्बुरेटर खोटं बोलत नाही. संध्याकाळी हा पेट्रोलवर बंद करतो आणि सकाळी वाटीत रॉकेल असतं, तर मधे कुणीतरी इंजिन चालवतं आणि घाईत रॉकेलवरच बंद करतं. खाडीपलीकडे वर गेलं की आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र. गोव्याच्या दारूच्या बाटलीला तिकडे केवढं मोल, हे काय कुणाला सांगायला हवं? पोराने रात्रीचा धंदा मांडलाय आणि वहिनीच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, असं शिवदासने मनाशी ठरवून टाकलं. मग पुढचा प्रश्न आला. हे दिवाळीपासूनच आहे, की त्याआधीही कधी झालं होतं?

तो विचार मनात आला आणि शिवदासला हरमलला परत जाववेना. कमलाक्षीला त्याने सांगितलं, आज इंजिन मी बंद करतो, उद्या पहिली दोरी मी ओढतो, मग बघू. पहिली दोरी म्हटल्यावर तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

संध्याकाळी भरतीच्या पाण्यात त्याने इंजिन चालवलं, पेट्रोलवर घेतलं, थोडा वेळ चांगलं चालू दिलं आणि बंद केलं. वाटी उघडून वास घेतला, चोख पेट्रोल. मग दोन्ही टाक्या उचलून कमलाक्षीच्या माजघरात नेऊन ठेवल्या. रॉकेलची नळी काढून आपल्या पिशवीत घातली. एवढ्यावर त्याचं समाधान होईना. माडाची एक झावळी घेऊन त्याने होडीभोवतीची सगळी वाळू साफ ओढून काढली, मांजर चाललं तरी पाऊल उमटेल अशी. गुरुदास लांबून बघत होता. त्याच्या कपाळावर आठी होती, पण घाबरलेला दिसत नव्हता. हेही शिवदासला खटकलं.

झोपायला तो फेरीच्या धक्क्यावर बाबलीच्या चहाच्या दुकानात गेला. बाबली म्हातारा, जुना ओळखीचा, बाकडं मोकळं करून दिलं. तिथून होडी हाकेच्या अंतरावर. पिशवी उशाला घेऊन शिवदास आडवा झाला, पण कान काठाकडे. इंजिन लपूनछपून चालवायची वस्तू नाही, त्याचा आवाज पार किल्ल्याला लागून परत येतो. रात्रभर आवाज आला नाही. पाणी चुळचुळत होतं, मधेच एखादा मासा उसळत होता. झोप लागता लागता एकदा मात्र त्याला वाटलं, कुणीतरी दोरी ओढतंय. खर्र... मग थांबून, पुन्हा खर्र... उठून बसला तर काही नाही. बाबली घोरत होता, तोच आवाज असणार, असं म्हणून त्याने कूस बदलली.

तांबडं फुटायच्या सुमाराला तो काठावर आला. वाळू काल ओढली होती तशीच. कुर्ल्या-खेकड्यांची बारीक रांगोळी उमटलेली, माणसाचं पाऊल नाही. होडी जागची हललेली नाही, तळ कोरडा. शिवदासला बरं वाटलं. चला, सापळा बघून चोर बसला घरात. आता पहिल्या दोरीला इंजिन लागणार आणि गुरुदासची पंचाईत होणार.

गोणपाट काढलं आणि हात तिथेच थांबला. रॉकेलचा वास.

झाकण उचलून त्याने हात लोखंडावर ठेवला. पौषातली पहाट, अंगावर काटा येईल असा गारठा, होडीच्या काठावर दव. आणि इंजिन कोमट होतं. नुकती आंघोळ करून आलेल्या माणसाच्या पाठीसारखं. शिवदासने हात काढला, परत ठेवला. पिशवी चाचपली, नळी आत होती. वाटीचा स्क्रू सोडला. रॉकेल.

भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता असं मी म्हणणार नाही. खाडीकाठी राहणाऱ्या माणसाचा थोडाफार असतोच. पण इंजिनाच्या बाबतीत त्याने कधी असल्या गोष्टी मानल्या नव्हत्या. इंजिन लागत नाही त्याला कारण असतं, आणि ते पान्याने सापडतं, हा त्याचा धर्म. तो आता त्या कोमट लोखंडाकडे बघत उभा राहिला आणि लहान पोरासारखी त्याला आई आठवली.

गुरुदास आणि त्याच्यामागे कमलाक्षी, दोघं धुक्यातून आली. शिवदासने नुसतं बोट दाखवलं. गुरुदासने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"रात्री खंय होतंस?" शिवदासने विचारलं.

उत्तर कमलाक्षीने दिलं. "तो घरात होतो. त्येच्या दाराक भायरसून कडी मीच घातलंय."

म्हणजे तिलाही संशय होता. मघापर्यंत शिवदासला जे कोडं वाटत होतं ते आता साफ बंद झालं, चारी बाजूंनी. दाराला कडी, वाळूवर पाऊल नाही, नळी आपल्या उशाला. त्याने गुरुदासच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याला काहीच कळत नाही तो माणूस आधी इकडेतिकडे बघतो. हा बघत नव्हता. हा इंजिनाकडेच बघत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

"गुरुदास," शिवदास अगदी हळू म्हणाला, "यशवंत गेलो, त्येच्या आदल्या रात्री... इंजिन कोणी चालवलेलां?"

गुरुदास वाळूत बसला. मग तो बोलायला लागला, कुणाकडे न बघता.

"एकच खेप... आरोंद्याक. परत येताना काठार कोणाची तरी बॅटरी चमाकली. घाबरलंय. होता तसाच बंद केलंय... रॉकेलवर." त्याने तोंड झाकून घेतलं. "सकाळी दादाक सांगणार होतंय. पण झोप लागली. जाग इली तेव्हा तो गेलेलो."

शिवदासच्या छातीवरून धोंडा उतरला. खोटं कशाला बोलू, मित्राचा जीव कसा गेला ते ऐकत असतानाही त्याला आधी सुटल्यासारखंच वाटलं. आपण नव्हतो. जेट साफ होता, स्क्रू घट्ट होता, हात चुकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून कमलाक्षीचा आवाज आला. शांत, रोजच्यासारखा.

"एक न्हय. दोन खेपी."

गुरुदासने मान वर केली. शिवदासही वळला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा उमगलं असावं, कारण तिने पदर तोंडाशी धरला. पण शब्द तर सुटला होता.

"वयनी, तुमका कसा ठावक?"

"जागी होतंय," ती म्हणाली. "आवाज वळाखलंय... सकाळी ह्यांका सांगूक होया होता. पण भावाभावांत भांडाण नको म्हणान..."

तिला ठाऊक होतं. स्मशानात मामाने तो प्रश्न विचारला तेव्हा ठाऊक होतं, सगळं गाव शिवदासकडे बघत होतं तेव्हा ठाऊक होतं. दोन वर्षं तिने मान वर केली नाही ती रागाने, असं शिवदास समजत होता. ती राग धरून नव्हती, तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. शिवदासला असा संताप आला की हातातला पाना खाडीत भिरकावून द्यावा. दिला नाही. पाना चांगला होता.

ती घरात गेली आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोन वर्षांनी. शिवदासने तांब्या तोंडाला लावला आणि तिच्या हातांना येणारा वास त्याच्या नाकात शिरला. रॉकेल. आता रॉकेल घरोघरी असतं, चूल पेटवायला, दिव्याला, त्यात नवल ते काय? पण संशयाचा किडा एकदा शिरला की जागा बघून बसतो. टाक्या माजघरात होत्या. हीच तर रोज वाटीत रॉकेल ओतत नसेल? दिराच्या तोंडून सगळं बाहेर काढायला, मला साक्षीला बोलावून? हुशार बाई होती, अशक्य काही नव्हतं. वाळूवरची पावलं पदराने पुसली असतील. आणि कोमट इंजिन? गरम पाण्याचं फडकं टाकलं असेल वर. हे सगळं मनात जुळवताना शिवदासला इतकं हायसं वाटलं की पाणी त्याने संपवलं. माणसाने केलेलं असेल तर पान्याने सापडतं.

तरी ह्या घरात इंजिन ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं. पुरतं खोलून बघावं लागेल, म्हणून सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. गुरुदास दुपारीच घर सोडून गेला, सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकवर क्लीनर म्हणून. कमलाक्षी दारात उभी होती, तिने त्यालाही अडवलं नाही आणि इंजिनालाही नाही. टेम्पोत घालून शिवदासने ते हरमलला आणलं.

त्याची शेड घरामागे, तीन बाजूंनी झावळ्या, एका बाजूला दार. इंजिन लाकडी घोडीवर चढवलं. टाक्या केरीला राहिल्या होत्या, नळी पिशवीत. वाटी उघडून त्याने कोरडी पुसली. प्लगही दोन्ही काढले, कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातले. प्लग नाहीत, तेल नाही, आता ते लोखंडाचं ओझं होतं. दार लावून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि दोन वर्षांत प्रथमच तो उशीवर डोकं टेकताच झोपला.

पहाटे पोदेराच्या भोंग्याने जाग आली. धुकं कालच्यासारखंच. परसात पाऊल टाकलं आणि शेडपर्यंत जायच्या आतच वास आला.

कुलूप जागेवर होतं. शिवदास दारासमोर उभा राहिला, किल्ली हातात, आणि आत जायचा धीर होईना. गुरुदास सुर्ल्याला. कमलाक्षी केरीला, रात्रीचं ह्या वाटेने काळं कुत्रं येत नाही. गुरुदासने सांगून टाकलं, कमलाक्षीच्या तोंडून सुटलं, आता राहिलंय काय? कुणाला अजून काय ऐकायचंय?

आणि मग त्याला ते आठवलं. म्हणजे विसरला कधीच नव्हता. नुसतं त्या बाजूला बघत नव्हता.

त्या भाद्रपदातल्या संध्याकाळी इंजिन बंद करून त्याने यशवंतला सांगितलं होतं, उद्या पहाटे येतो, पहिली दोरी मी ओढतो, तोवर थांब. यशवंत हसून बरं म्हणाला होता. पहाटे शिवदासला जाग आली, बाहेर भुरभुर पाऊस होता, अंगावर गोधडी होती. इंजिन चोख लावलंय, आपण नाही गेलो म्हणून काय अडणार आहे, असं म्हणून त्याने कूस बदलली. काठावर, उथळ पाण्यात, होडी बांधलेली असताना त्याने पहिली दोरी ओढली असती, तर इंजिन खोकलं असतं, वाटीतलं रॉकेल तिथेच सापडलं असतं, आणि यशवंत विडी पेटवून शिव्या देत बसला असता. यशवंत वाट बघत थांबला असेल का? थांबलाच असेल. पण ओहोटी थांबत नाही. येतो म्हणून सांगून शिवदास गेला नव्हता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कमलाक्षीने पहिल्या दोरीचं नाव ऐकून त्याच्याकडे बघितलं होतं, तेवढंच.

त्याने कुलूप काढलं.

आत अंधुक उजेड होता. इंजिन घोडीवर, जसं ठेवलं तसं. लोखंडावरून वाफ निघत होती, थंडीत बैलाच्या अंगावरून निघते तशी. खिशातले प्लग त्याने चाचपले, दोन्ही होते. आणि मग त्याला दोरी दिसली.

मशीनच्या दोरीला आत स्प्रिंग असते. ओढून सोडली की सर्रकन आत जाते आणि मूठ इंजिनाला जाऊन बसते. बाहेर राहायची असेल तर मूठ कुणीतरी धरून ठेवावी लागते. ती दोरी बाहेर होती. हातभर बाहेर, ताणलेली, दाराच्या बाजूला. मूठ कमरेइतक्या उंचीवर हवेत होती, आणि तिच्यातून खाली भुईवर थेंब थेंब पाणी पडत होतं.

"यशवंत..." शिवदास म्हणाला. दोरी हलली नाही. ती वाट बघत होती.

पळून जाता आलं असतं, दार मागे उघडंच होतं. बाहेर पोदेराचा भोंगा लांब लांब जात होता. शिवदास दोन पावलं पुढे झाला आणि त्याने हात पुढे केला. मूठ ओली होती. त्याची बोटं तिच्यावर मिटली, आणि पलीकडची पकड सावकाश सैल झाली.